वाचा गेलेल्यांची बखर

१७ जून १७८३ च्या पहाटे लंडनमधल्या बोल्ट कोर्ट या गल्लीतल्या घरात डॉ. सॅम्युअल जॉन्सनला जाग आली. तो अंथरुणात उठून बसला, तोच डोक्यात काही घोटाळा झाल्यासारखे, सगळे अंधूक झाल्यासारखे त्याला वाटले. हे अर्धा मिनिट टिकले असेल. जॉन्सन तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होता. इंग्रजी शब्दांची शिस्त ज्या कोशाने लावली तो १७५५ चा कोश त्याने रचला होता, आणि त्याच्या बोलण्याची कीर्ती त्याच्या लेखनाहूनही मोठी होती. त्याने देवाला विनवले की शरीराचे काय व्हायचे ते होवो, बुद्धी तेवढी राख. ही विनवणी त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात रचली, कारण त्याला बुद्धीची परीक्षाही घ्यायची होती. ओळी फारशा चांगल्या उतरल्या नाहीत. पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळते आहे, म्हणजे बुद्धी शाबूत आहे, असा त्याने हिशेब मांडला. मग बोलायला तोंड उघडले तर आवाज उमटेना.

पुढचा प्रकार त्याने दोन दिवसांनी मिसेस थ्रेल या स्नेह्यांना पत्राने कळवला. वाचा मोकळी व्हावी म्हणून तो थोडी वाइन प्यायला, अंग जोरजोरात हलवून पाहिले, आणि कशानेच काही होईना तेव्हा चक्क झोपी गेला. सकाळी नोकर बोलत आला. मालक तोंडाने उत्तर न देता हातात कागद का देतो आहे, हे त्याला कळेना. शेजारच्या छापखानेवाल्याला चिठ्ठी लिहिताना हात भलतीच अक्षरे काढत होता. असे का होते हे जॉन्सनला समजत नव्हते, पण अक्षर चुकले हे मात्र समजत होते. डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे गळ्यापासून डोक्यापर्यंत फोड आणणारी औषधे लावली. त्या उपचाराने की त्याला न जुमानता, काही दिवसांत त्याला ख्रिस्ती प्रार्थना बऱ्यापैकी म्हणता येऊ लागली, आणि काही आठवड्यांत बोलणे परत आले. पुढे दीड वर्षाने, डिसेंबर १७८४ मध्ये, तो वारला.

मेंदूच्या झटक्यातून उठलेल्या माणसांनी स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी मी काही वर्षे गोळा करतो आहे. जॉन्सनची नोंद त्यांत अग्रपूजेच्या मानाची आहे, ती तो प्रसिद्ध होता म्हणून नव्हे. वाचा गेली तेव्हा आतला माणूस जागेवर होता, आपली चूक तपासत होता, ही साक्ष इतक्या ताज्या स्थितीत क्वचितच मिळते.

आपल्याकडे या आजाराला लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू अशी नावे आहेत. शेवटच्या नावात वातदोषाचा जुना सिद्धान्त अजून शिल्लक आहे. ‘स्ट्रोक’ या इंग्रजी नावात दैवी हाताचा तडाखा आहे, आपल्या ‘झटक्या’चाच तो सख्खा भाऊ. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अध्याय आहे. तिथे पक्षवधाचे वर्णन करताना उजवे वा डावे कोणतेही एक अंग निकामी होते असे म्हटले आहे, आणि त्याच दमात वाक्‌स्तंभही सांगितला आहे. म्हणजे अंग लुळे पडणे आणि वाचा बसणे या गोष्टी एकत्र येतात हे त्या वैद्यांनी पाहिले होते. वाचा जाते ती बहुधा उजवे अंग गेल्यावर, हे मात्र तिथे नाही. ग्रीकांनाही ते उमगले नव्हते. हा साधा दिसणारा संबंध पक्का व्हायला १८६५ साल उजाडावे लागले.

आज आपण जाणतो ते थोडक्यात असे. मेंदूला रक्त नेणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि त्या वाहिनीवर जगणारा भाग काही मिनिटांत मरू लागतो. डावा मेंदू उजवे अंग चालवतो, आणि बहुतेक माणसांची भाषाही डाव्याच बाजूला असते. म्हणून उजवा हात आणि वाचा एकदम जातात. या वाचा जाण्याला मराठी वैद्यकात वाचाघात म्हणतात. भीतीने बोबडी वळते किंवा दातखीळ बसते, त्यापेक्षा हे निराळे आहे. इथे जीभ, ओठ, गळा ठीक असूनही शब्द मिळत नाही, किंवा मागितला त्याऐवजी दुसराच येतो. कित्येकांना समोरच्याचे शब्दही परक्या भाषेसारखे वाटू लागतात. हा दुसरा प्रकार कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने १८७४ मध्ये वेगळा काढून दाखवला.

शब्द गेल्यावर विचार उरतो का?

फ्रान्समधल्या माँपेलिएचा प्राध्यापक झाक लोर्दा याला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता, कारण १८२५ मध्ये त्याची स्वतःची वाचा गेली. तो शरीरशास्त्र शिकवत असे, आणि वाचादोषांचा अभ्यासही त्याने पूर्वी केला होता. एका दुखण्यातून उठताना त्याच्या ध्यानात आले की बोलायला गेले तर शब्द सापडत नाहीत. मग दुसऱ्यांचे बोलणे कळेनासे झाले, आणि शेवटी वाचनही गेले. तरी मनातला विचार जसाच्या तसा चालू होता, असे त्याने पुढे व्याख्यानांत सांगितले. प्रार्थनेतल्या त्रैक्याच्या कल्पनेवर तो चिंतन करू शकत होता, फक्त त्या कल्पनेचा एकही शब्द त्याला आठवत नव्हता. कित्येक आठवड्यांनी एके दिवशी ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकाच्या पाठीवरची अक्षरे त्याला एकाएकी वाचता आली. ते हिपोक्रॅटिसचे ग्रंथ होते. त्याच्या डोळ्यांतून आनंदाश्रू आले. हळूहळू भाषा परतली आणि तो पुन्हा शिकवू लागला. तो १८७० पर्यंत, सत्त्याण्णव वर्षांचा होईपर्यंत, जगला.

लोर्दाची साक्ष वाचताना मला भर्तृहरी आठवतो. शब्द मागे आल्यावाचून जगात कुठलेही ज्ञान होत नाही, असे वाक्यपदीयात त्याने ठामपणे सांगितले आहे. मग लोर्दा ते आठवडे कशाने विचार करत होता? भर्तृहरीच्या बाजूने उत्तर देता येते. त्याच्या मते वैखरी, म्हणजे कानांना ऐकू येणारी वाणी, हा सर्वांत बाहेरचा थर आहे. तिच्या आत मध्यमा आहे, त्याही आत पश्यंती. वैखरी गेली म्हणून पश्यंती गेली असे होत नाही. परंपरेने मग परा मिळवून चार वाणी केल्या आणि आपल्या संतांनी त्या घरोघर पोचवल्या. भर्तृहरीने वाचाघाताचे रोगी पाहून हे लिहिले असे मी म्हणणार नाही. पण पॅरिसमधल्या वादापेक्षा त्याची मांडणी मला अधिक कामाची वाटते. पॅरिसच्या आर्मां त्रूसोने १८६४ मध्ये या विकाराला ‘अफेझिया’ हे नाव रूढ केले आणि लोर्दाच्या सांगण्यावरच शंका घेतली. भाषा जाते तेव्हा बुद्धीही लंगडी होते, रोग्याला स्वतःला ते कळत नाही इतकेच, असे त्याचे मत होते.

हा वाद दवाखान्यात राहिला नाही. वाचा गेलेल्या माणसाने केलेले मृत्युपत्र खरे धरायचे का, असा प्रश्न त्या शतकात डॉक्टरांना आणि कायदेपंडितांना पडू लागला. विचार शब्दांवाचून होत नसेल तर अशा माणसाला इच्छाही नाही, आणि इच्छा नसेल तर त्याच्या सहीला किंमत नाही.

मला तो प्रश्न ओळखीचा आहे. आमचे थोरले काका झटक्यानंतर नऊ वर्षे जगले. त्यांच्याजवळ ‘तेच ते’ एवढे दोन शब्द उरले होते. पाणी हवे असले तरी तेच ते, नको असले तरी तेच ते. अर्थ सारा सुरात असे. माणसे त्यांच्यासमोर बसून ‘त्यांना आता काही कळत नाही’ असे सांगत, आणि काका सांगणाऱ्याकडे बघत राहत. जमिनीच्या एका कागदावर त्यांचा अंगठा घ्यायचा होता, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने तो कागद दोनदा परत सरकवला. तिसऱ्या वेळी अंगठा घेतला गेला. का सरकवता, असे कुणी विचारले नाही, आणि विचारले असते तर उत्तर काय आले असते तेही उघड आहे. लोर्दा बरोबर की त्रूसो, हे त्या दुपारी आमच्या ओटीवर ठरले होते, आणि ज्याच्याविषयी ठरले त्याला मत देता आले नव्हते.

वैद्यकाच्या इतिहासात सर्वांत गाजलेला वाचा गेलेला माणूसही एकाच शब्दावर जगला. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात एकवीस वर्षे काढलेल्या त्या माणसाला सगळे ‘तां’ म्हणत, कारण कशालाही तो ‘तां, तां’ एवढेच उत्तर देई. एप्रिल १८६१ मध्ये पायाला गँग्रीन झाला म्हणून त्याला शल्यविभागात आणले आणि तो पॉल ब्रोका या डॉक्टरच्या हाती आला. १७ एप्रिलला तां वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला. डाव्या बाजूला पुढच्या भागात पोकळी पडलेली होती. तिथून मेंदूतल्या ‘ब्रोकाच्या जागे’चा जन्म झाला. तो मेंदू पॅरिसमध्ये अजून जपून ठेवलेला आहे, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय चित्रणात असे दिसले की इजा ब्रोकाला वाटली त्यापेक्षा पुष्कळ खोल गेलेली होती.

मेंदू जपला, माणूस मात्र हरवला. पाठ्यपुस्तकांत तो दीडशे वर्षे ‘तां’ म्हणूनच राहिला. शेवटी चेझारी डोमान्स्की या पोलिश संशोधकाने जुने दाखले उकरून त्याची माहिती २०१३ मध्ये छापली. लुई व्हिक्तोर लबोर्न्य, जन्म १८०९, गाव मोरे, वडील शाळामास्तर. तो स्वतः पॅरिसमध्ये बूट बनवण्यासाठी लागणारे लाकडी साचे करत असे. लहानपणापासून फेफरे येत, आणि तिशीत वाचा गेली. मोरे गावात कातडी कमावण्याचा धंदा होता आणि त्यासाठी लागणारी झाडाची साल दळण्याच्या गिरण्या होत्या. त्या सालीला फ्रेंचमध्ये ‘तां’ म्हणतात. त्याच्या तोंडी उरलेला शब्द बालपणीच्या गावातून आला असेल का, असे डोमान्स्कीने सुचवले आहे. पुरावा नाही, असूही शकत नाही. तरी मला हा तर्क सोडवत नाही.

त्याच वर्षी ब्रोकाकडे लेलाँ नावाचा दुसरा म्हातारा आला. त्याच्याकडे पाच शब्द होते, त्यांत एक ‘तीन’ होता, तोही बोबडा. आकडा कोणताही असो, तोंडातून तीनच येई. मुले किती, असे विचारल्यावर तो ‘तीन’ म्हणाला आणि बोटे चार दाखवली. मुलगे किती? ‘तीन’, आणि बोटे दोन. मुली? ‘तीन’, बोटे दोन. माझ्या मते त्रूसोला याहून चोख उत्तर कुणी दिलेले नाही. जीभ चुकत होती आणि बोटे हिशेब जुळवत होती.

ब्रोकाचे नाव मेंदूच्या नकाशाशी जोडले गेले आणि त्याचे दुसरे म्हणणे मागे पडले. १८६५ च्या लेखात, भाषा डाव्या बाजूला असते हे मांडताना, त्याने असेही लिहिले की उजव्या बाजूला भाषा शिकवता येईल. रोग्याला मूल समजून, आई ज्या न थकणाऱ्या चिकाटीने बोलायला शिकवते तशा चिकाटीने शिकवले पाहिजे. डॉक्टरची रोजची भेट त्याला पुरी पडणार नाही, हेही त्याने ओळखले होते. पण पुढची पन्नास वर्षे युरोपातले मोठे डॉक्टर मेंदूत खुणा करत राहिले. रोगी मरावा, मेंदू उघडावा, खूण करावी. जिवंत असताना त्याला काय शिकवता येईल हा प्रश्न शाळामास्तरांचा समजला गेला.

बोदलेरच्या नशिबी तेच आले. मार्च १८६६ मध्ये बेल्जियममधल्या नामूरच्या एका चर्चमध्ये तो कोसळला. उजवे अंग गेले, आणि ‘क्रे नाँ’ ही अर्धवट शिवी तेवढी तोंडात राहिली. ज्या ख्रिस्ती रुग्णालयात त्याला ठेवले तिथल्या जोगिणींना ती अभद्र वाचा ऐकवेना. फ्रेंच कवितेला नवी भाषा देणारा हा माणूस दीड वर्ष त्या एका शिवीने रागावला, हसला, नाही म्हणाला, आणि ऑगस्ट १८६७ मध्ये गेला. पुढे १९३५ मध्ये व्हॅलेरी लार्बो या फ्रेंच लेखकाला झटका आला तेव्हा त्याच्या तोंडी एक अख्खे सुंदर वाक्य राहिले. इहलोकीच्या वस्तूंना शुभरात्री म्हणणारे ते वाक्य घेऊन तो बावीस वर्षे जगला. कुणाला काय उरावे याला कसलाही न्याय नाही.

शिव्या, प्रार्थना, पाढे आणि गाणी मात्र पुष्कळदा उरतात. ओलोफ दालिन या स्वीडिश लेखकाने १७४५ मध्ये तेहतीस वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या मुलाची हकिगत नोंदवली आहे. उजवे अंग आणि वाचा गेलेला हा मुलगा ‘हो’पलीकडे बोलू शकत नसे. पण आजारापूर्वी पाठ झालेली स्तोत्रे, कुणी सुरुवात करून दिली की, धडधाकट माणसासारखी स्पष्ट गाई. इंग्रज डॉक्टर ह्युलिंग्ज जॅक्सनने पुढे याचे मर्म सांगितले. मुद्दाम जुळवलेले बोलणे वेगळे आणि आपोआप येणारे बोलणे वेगळे, आणि दुसऱ्यात उजव्या मेंदूचाही वाटा असावा. या धाग्यावरून १९७३ मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी उपचाराची एक पद्धत बसवली. रोजचे छोटे वाक्य सुरात बांधायचे, डाव्या हाताने ताल धरत रोग्याबरोबर गुणगुणायचे, आणि मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. सगळ्यांना तिचा उपयोग होत नाही. समज शाबूत आहे पण बोलणे अडले आहे अशांना अधिक होतो.

मराठी घरात ही गोष्ट पुस्तक न वाचता कळते. काकांना नातवाचे नाव घेता येत नसे, पण गणपतीत आरती सुरू झाली की ते शेवटच्या कडव्यापर्यंत बरोबर असत. बेचा पाढाही येई, पण एके बेपासून सुरू केला तरच, मधूनच ‘बे साते’ विचारले तर नाही. घरातले याला चमत्कार म्हणत, शेजारी ढोंग म्हणत. दोन्ही नव्हते. भारतात वाचा-उपचाराचे शिक्षण १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या संस्थेत सुरू झाले. तालुक्याच्या गावी मात्र त्या काळी आरती हाच आमचा उपचार होता आणि तो उपचार आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. बहुभाषी माणसाची कोणती भाषा आधी परतते, हा प्रश्नही आपल्याकडे रोजचा आहे. फ्रान्सच्या पित्रने १८९५ मध्ये सांगितले की जी सर्वांत अंगवळणी पडलेली ती आधी येते, मग ती मातृभाषा असो वा नसो. हा नियम नेहमी लागू पडतो असे नाही, पण घरात मराठी आणि कचेरीत इंग्रजी असे आयुष्य गेलेल्यांच्या नातलगांनी तो लक्षात ठेवावा.

बरे होण्याच्या विद्येला खरा जोर आला तो युद्धांमुळे. म्हाताऱ्यांचा झटका दैवाचा मानून सोडून देता येत होता, पण डोक्यात गोळी लागलेल्या विशीतल्या हजारो पोरांना सोडून देणे सरकारांना जमले नाही. पहिल्या महायुद्धात कुर्ट गोल्डश्टाइनने फ्रँकफुर्टमध्ये अशा सैनिकांसाठी संस्था उभारली आणि उपचाराबरोबर कामधंद्याचे शिक्षणही दिले. दुसऱ्या महायुद्धात अलेक्झांडर लुरियाने उरल पर्वताच्या भागातल्या किसेगाच इथे तसेच रुग्णालय चालवले. लुरियाचे सूत्र असे होते की मेलेला भाग परत येत नाही, पण त्याने केलेले काम दुसऱ्या वाटेने करता येते. वळसा शोधायचा. त्याने आणि विगोत्स्कीने युद्धापूर्वीच पाहिले होते की कंपवाताच्या रोग्याला सपाट जमिनीवर पाऊल उचलता येत नाही, पण जमिनीवर कागदाचे तुकडे मांडले तर तो ते ओलांडत चालू शकतो.

या रुग्णालयात आलेला झासेत्स्की हा या बखरीतला माझा नायक. २ मार्च १९४३ रोजी लढाईत त्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात गोळी लागली. वय तेवीस, तांत्रिक शिक्षण घेतलेला हुशार मुलगा. शुद्धीवर आल्यावर उजवीकडचे अर्धे जग दिसेना. अक्षरे ओळखता येईनात. स्वतःच्या शरीराचे भाग कुठे आहेत तेही निश्चित कळेना. बोलणे होते, पण शब्दांमधले नाते सुटले होते. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ यांतला फरक त्याला लागत नसे. मराठीत आपण पहिल्याला काका म्हणून सुटतो. पण दुसऱ्याचा अर्थ लावायला आपल्यालाही क्षणभर थांबावे लागते, आणि झासेत्स्की त्या क्षणात कायमचा अडकला होता. माशी हत्तीपेक्षा मोठी की हत्ती माशीपेक्षा मोठा, यावर तो तासन्‌तास झटे.

अक्षरे तो नव्याने शिकला, प्रत्येक अक्षराला ओळखीचा शब्द बांधून, आपल्या ‘ग गणपतीचा’प्रमाणे. लिहिणे तर याहून अवघड होते, कारण अक्षराचा आकार आठवून तो रेघ रेघ काढत बसे. मग एके दिवशी रुग्णालयात त्याला सांगितले की अक्षरांचा विचार करू नको, हात न उचलता शब्द सरळ लिहून टाक. त्याने ‘क्रोव’, म्हणजे रक्त, हा शब्द एका झटक्यात लिहिला. डोक्यातून गेलेले हाताला ठाऊक होते. काय लिहिले ते त्याला स्वतःला नीट वाचता येत नव्हते, पण लिहिता येत होते. लुरियाचा वळसा सापडला होता.

या वळशावरून तो पंचवीस वर्षे चालत राहिला. दिवसाला कधी अर्धे पान, कधी तेवढेही नाही. डोकेदुखी, फिट्स, विसर. मागच्या पानावर काय लिहिले ते आठवत नाही म्हणून पुन्हा तेच. अशी तीन हजार पाने झाली. लुरियाने त्यांतले निवडून, स्वतःचे भाष्य जोडून, १९७१ मध्ये पुस्तक केले. झासेत्स्की बरा झाला का? नाही. पाढे आले नाहीत, नोकरी करता आली नाही, गावच्या रस्त्यावर तो अखेरपर्यंत वाट चुकत राहिला. लिहिले नाही तर आपण उरत नाही, म्हणून तो लिहीत राहिला. बरे होणे या शब्दाचा अर्थ ‘पूर्वीसारखे होणे’ एवढाच धरला तर त्याचा सारा खटाटोप फुकट जातो. आणि आपल्या घरांत तोच एक अर्थ धरला जातो. सहा महिने मालीश, तेल, व्यायाम, आणि सहा महिन्यांनी ‘आता जेवढे आले तेवढे’.

ही सहा महिन्यांची हद्द मोडणारी उदाहरणे पुढच्या काळात पुष्कळ झाली. पेद्रो बाख-इ-रिटा हे न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे प्राध्यापक. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना झटका आला आणि नेहमीचे उपचार संपले. तेव्हा मेक्सिकोत डॉक्टरीला असलेल्या मुलाने त्यांना आपल्याकडे नेऊन बाळासारखे रांगण्यापासून सुरुवात करायला लावली. शेजाऱ्यांना ते अघोरी वाटले. पण पेद्रो चालू लागले, शिकवायला परत गेले, आणि १९६५ मध्ये डोंगर चढताना हृदयविकाराने वारले. मेंदू तपासला तर इजा तशीच होती, भरून आलेली नव्हती. म्हणजे उरलेल्या मेंदूने काम वाटून घेतले होते. दुसरा मुलगा पॉल याने पुढे आपले आयुष्य मेंदूच्या या लवचिकपणाच्या संशोधनात घालवले. एडवर्ड टाउबने चांगला हात बांधून ठेवून लुळ्या हाताला तासन्‌तास कामाला लावण्याची पद्धत आणली, आणि २००६ मध्ये तिची मोठी चाचणी अमेरिकेत यशस्वी झाली. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत दिले तर नुकसान कमी होते, हे १९९५ मध्येच सिद्ध झाले होते. चेहरा वाकडा झाला, हात पडला, बोलणे अडखळले, तर तेल शोधण्याआधी गाडी शोधावी, हे यावरून आलेले साधे व्यावहारिक ज्ञान.

ब्रोकाला हवी असलेली आईची चिकाटी प्रत्यक्षात कशी दिसते, ते पट्रिशिया नील या अभिनेत्रीच्या हकिगतीत आहे. फेब्रुवारी १९६५ मध्ये, वय एकोणचाळीस आणि पोटात मूल असताना, तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तीन आठवडे ती बेशुद्ध होती. नवरा रोआल्ड डाल, मुलांसाठी लिहिणारा प्रख्यात लेखक. इंग्लंडमधल्या आपल्या खेड्यात परतल्यावर त्याने गावातल्या मित्रांची, शेजाऱ्यांची पाळी लावली. एकामागून एक माणूस येई आणि दिवसाचे सहा-सहा तास तिच्याकडून वाचन, शब्द, हिशेब करून घेई. मागितलेल्या वस्तूचे नाव नीट घेतल्याखेरीज ती द्यायची नाही, असा डालचा खाक्या होता. त्यात क्रौर्य होते असे मला वाटते. पण त्या पाळीच्या कल्पनेत शहाणपण होते, कारण एकटी बायको किंवा एकटा मुलगा हे ओझे घेऊन मोडतो. पाळीला येणाऱ्यांत व्हॅलरी ईटन ग्रिफिथ होत्या. आजारपणामुळे नोकरी सुटलेली ही बाई वाचा-उपचार शिकलेली नव्हती. तिने धडे कमी केले आणि गप्पा, कोडी, खेळ वाढवले. १९६८ मध्ये नील पुन्हा चित्रपटात उभी राहिली आणि तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. ग्रिफिथबाईंच्या अनुभवावरून ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात स्वयंसेवकांची योजना उभी राहिली, वाचा गेलेल्यांच्या घरी जाऊन बसण्याची. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला माणसे कमी येत नाहीत. फक्त ती आजाऱ्याशी न बोलता घरच्यांशी बोलतात.

आता या बखरीतला शेवटचा दुवा, जो मला अकल्पितपणे सापडला. विसारिओन शेबालिन हा सोव्हिएत संगीतकार मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होता. १९४८ मध्ये पक्षाच्या रोषाने त्याचे पद गेले. १९५३ मध्ये पहिला झटका आला, मग तो डाव्या हाताने लिहायला शिकला. १९५९ मध्ये दुसरा आला आणि भाषा गेली. शब्द जुळेनात, ऐकलेले वाक्य लांब असले की निसटे. पण संगीत तसेच राहिले. त्या अवस्थेत त्याने पाचवी सिम्फनी १९६२ मध्ये पुरी केली आणि पुढच्या वर्षी तो वारला. लुरियाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. भाषा आणि संगीत मेंदूत एकाच घरात राहत नाहीत याचा तो आजही दाखला मानला जातो.

तुमास ट्रान्सट्रोमर हा स्वीडिश कवी पेशाने मानसशास्त्रज्ञ होता आणि हौसेने पियानो वाजवी. १९७४ मध्ये त्याने ‘बाल्टिक समुद्र’ ही दीर्घ कविता प्रसिद्ध केली. तिच्यात एका संगीतकाराचा प्रसंग आहे. सत्तेने आधी चढवलेला, मग पाडलेला, उजवे अंग आणि वाचा गेलेला, तरी संगीत रचणारा. तो शेबालिनवरूनच घेतलेला आहे. सोळा वर्षांनी, १९९० मध्ये, ट्रान्सट्रोमरला स्वतःला झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. तो एकोणसाठ वर्षांचा होता.

त्यानंतर तो चोवीस वर्षे जगला. बोलणे थोड्या शब्दांपलीकडे कधी परतले नाही. पाहुण्यांशी त्याचे बोलणे पत्नी मोनिका पुरे करत असे. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती वाक्य सुरू करी, आणि ते बरोबर की चूक हे तो ठरवी. चूक असेल तर ती दुसरे वाक्य करून बघे. कविता आल्या, पण पूर्वीपेक्षा आखूड, हायकूएवढ्या. आणि डाव्या हाताने पियानो होता. त्या हातासाठी लिहिलेले पुष्कळसे संगीत पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्‌गेनश्टाइनने संगीतकारांकडून करून घेतलेले आहे. ट्रान्सट्रोमरसाठी स्वीडनमधल्या संगीतकारांनी त्यात नव्या रचनांची भर घातली. २०११ मध्ये त्याला नोबेल मिळाले. रिवाजाचे भाषण नव्हते, त्याऐवजी त्याच्या कवितांचे वाचन आणि संगीत झाले. मेजवानीच्या वेळी आभाराचे चार शब्द मोनिका बोलली, आणि तो चाकांच्या खुर्चीत बसून ऐकत होता.